मुले मोजून झाली, कारणे कोण शोधणार?



आमचा वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथली मुले मोजली जात नाहीत, असे कुणी म्हणू शकणार नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीत जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे येतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि शाळांची 'यूडायस' नोंद वेगळीच. किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, हे 'असर'मधून कळते आणि ते मोलाचेही आहे. पण बाकीच्यांना का येत नाही, हे कळत नाही. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिलीत त्याच्या हाती प्रमाण मराठीचे पुस्तक पडते. ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल दिवाळीनंतर वर्गातून दिसेनासे होते. दोघांची अडचण एक नाही; टक्केवारीत मात्र दोघे एकाच रकान्यात बसतात आणि दोघांसाठी वरून येणारा उपक्रमही एकच असतो.

कारणांचा शोध घेता येतो. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये 'लिरिल' प्रकल्पाने तीन वर्षे मुलांच्या मराठी-कन्नड वाचनलेखनाचा माग घेतला. अक्षरओळखीतच वेळ सरतो; बोलणे आणि अर्थ लावणे मागे पडते, हे त्यातून पुढे आले. असे काम वाशीममध्ये कुणी करायचे? १९८६च्या शैक्षणिक धोरणातून निघालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांच्या मूळ कामांतच संशोधन आहे. शिक्षणशास्त्राचे प्रबंधही जिल्हा परिषदेच्या शाळांतून प्रश्नावल्या भरून घेऊनच उभे राहतात. ते पदवीपाशी थांबतात, ज्या शिक्षकाने माहिती दिली त्याच्याकडे परत येत नाहीत, हे मला सर्वांत खटकते. प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले, तेव्हा काय झाले तेही आपण पाहिले: सर्व विषय धरून ४,३०५ नियतकालिके विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून काढावी लागली.

शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे असताना त्यात संशोधन कशाला, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आधी दोनदा मागितली जाणारी माहिती बंद करावी आणि शाळांच्या एका केंद्राने वर्षभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा. एका केंद्रातले निष्कर्ष राज्याला लागू होत नाहीत, असेही म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण ज्या वर्गातून ते निघाले, त्या वर्गाला ते लागू झाले तरी पुष्कळ; आणि वीस केंद्रांत तीच गोष्ट दिसली, तर राज्यालाही तिची दखल घ्यावी लागेल. जागतिक दर्जासाठी इंग्रजी हवी म्हणणाऱ्यांनी प्रबंध खुशाल इंग्रजीत लिहावा. मात्र शाळेत माहिती घेण्याची परवानगी देतानाच एक अट असावी: वर्षभरात दोन पानांचा मराठी गोषवारा द्यायचा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरे द्यायची. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेल.

— एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशीम)