खणातलं शाईचं पेन

मागच्या रविवारी आमच्याकडे ‘अभ्यासाची खोली’ करण्याचा घाट घातला. खोली कसली, जिन्याखालची आठ बाय सात फुटांची जागा! पण चिरंजीवांची दहावी जवळ आलेली, आणि मलाही उत्तरपत्रिका तपासायला ओट्याशिवाय दुसरी जागा नको का? तेव्हा अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जुनं टेबल तिथे हलवायचं ठरलं. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. खण तेव्हापासून तसेच बंद.

उघडले, आणि काय काय निघालं म्हणता! टाकाच्या गंजलेल्या निबा, टीपकागद लावायचा लाकडी ठोकळा, फायलींना भोकं पाडायचा टोचा, त्या शिवायची दाभण आणि एक गोल लाकडी रूळ. “हा मारायला का गं?” चिरंजीवांनी विचारलं. मारायलाही वापरत असतील म्हणा! पण खरं काम कागदावर रेघा आखायचं. एक रेघ ओढायची, रूळ जरासा पुढे लोटायचा, पुन्हा ओढायची; तिरका न सरकता गडगडला की रेघा आपोआप समांतर येतात. पठ्ठ्यानं लगेच अख्खं पान आखून काढलं.

मी मात्र कामाच्या धांदलीत. रद्दीवाला दारात उभा, म्हणून सगळं भराभर पोत्यात घातलं. सासूबाई इतका वेळ नुसत्या बघत होत्या. त्या पुढे झाल्या आणि पोत्यातून एक जाडजूड काळं पेन काढून घेतलं.

“अण्णांची आठवण ना, आई? ठेवा की,” मी म्हटलं.

“त्यांचं नव्हे, माझं आहे. १९७१ साली अकरावी मॅट्रिक झाले, तेव्हा दादांनी घेऊन दिलं होतं. लग्नानंतर ह्यांना कचेरीत लागलं, ते घेऊन गेले. मी काही परत मागितलं नाही.” आणि कुकरची शिट्टी झाली तशा आत गेल्या.

मला मेलीला पंधरा वर्षांत हे ठाऊक नव्हतं! पोतं तिथेच पालथं केलं. रद्दीवाला पुटपुटत गेला, जाऊ दे.

तुमच्याकडेही असं एखादं पेन निघालं, तर उकळत्या पाण्यात घालू नका हं. उष्णतेनं जुनी पेनं वाकतात. स्पिरिटही नको. निबेचा भाग फिरवून सुटा करा आणि निबेकडचं टोक तेवढं वाटीत साध्या गार पाण्यात बुडवा. शाई निघेल तसं पाणी बदला. आम्हाला दोन दिवस लागले. अख्खं पेन भिजत टाकलंत, तर एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो. भरायला शाईच्या पेनाचीच शाई आणा. चित्रकलेची काळी शाई निबेत घट्ट बसते, मग पेन कायमचं गेलं समजा. आमच्या पेनात ड्रॉपरनं शाई घालावी लागते. असलं पेन अर्धं रिकामं झालं की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब गळतो, म्हणून ते भरलेलंच ठेवावं. माझा एक ब्लाउज गेल्यावर मला ही अक्कल आली!

जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्याही ओढू नका, कागद फाटतो. खाली पातळ पुठ्ठा सरकवून हलकेच सैल करा, आणि पुन्हा टाचणी न लावता दोऱ्यानं बांधा. रबरबँड तर नकोच, तो विरघळून कागदाला चिकटतो.

शाई आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आम्ही शाळेत शाईची वडी पाण्यात विरघळवायचो.” कॅमलिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला, तोही अशाच घोडा छाप पुड्या नि वड्यांपासून, हे मला माहीत होतं. पण वडी घट्ट झाली की अक्षर कसं सोनेरी झाक मारतं, हे त्यांनीच सांगितलं.

आता दुपारी त्या टेबलाशी बसून कोल्हापूरच्या बहिणीला पत्र लिहितात. रोज एक पान. चिरंजीवांची पुस्तकं पलंगावर, आणि माझ्या उत्तरपत्रिका पुन्हा ओट्यावर! काल सहामाहीचे पेपर तपासत होते, तर आतून हाक आली, “अगं, बाजारात जाशील तेव्हा शाई आण. नुसती निळी नको, काळी-निळी बघ.”