परदेशात नोकरी : मोठे शहर की लहान गाव?



शहराचे उपकार आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नकोत. गावात वेशीबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा आणि गावकीची फुकटची कामे होती. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत हातावर रोख पगार पडला. गिरणीतही विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत हे खरे, पण महिना भरला की पैसा मिळे आणि पोराला शाळेत घालता येई. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा चांगला समाचार घेतला होता. तेव्हा शहर म्हणजे सुटका आणि खेडे म्हणजे कोंडवाडा, ही समजूत आपल्या घरोघरी पक्की बसली आहे. ती अनुभवातून आलेली आहे आणि आपल्या देशापुरती खरीही आहे.

हीच समजूत आता आपली मुले-मुली विमानात बसताना सोबत नेतात. आमच्या वस्तीतल्या मुली नर्सिंग करतात, मुले वेल्डिंग शिकतात, कोणी जपानी भाषेच्या वर्गाला जाते. कोणाला टोकियोची नोकरी आली की पेढे वाटतात. दुसऱ्या कोणाला अकिता किंवा मियाझाकी असे न ऐकलेले नाव आले की घरात तोंडे उतरतात. आई विचारते, "इतक्या लांब जायचं आणि तिथंही खेड्यातच राहायचं का?" प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून मूल पाठवायचे, तर ते कुठे राहील याचा विचार झालाच पाहिजे. पण तो नावावरून करू नये, हिशेबावरून करावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आखातात गेलेल्या मजुराला ही निवड बहुधा नसतेच. कंपनी ठेवील त्या लेबर कॅम्पात राहायचे आणि बसने कामावर जायचे. दुबई उंच असली तरी ती त्याला शुक्रवारपुरती किंवा रविवारपुरतीच दिसते. निवडीला वाव आहे तो जपान आणि जर्मनीसारख्या देशांत. म्हणून त्या दोन देशांचाच विचार करू.

जपानने एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा परवाना सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल, खाद्यपदार्थांचे कारखाने अशी कामे त्यात येतात. त्या देशात किमान वेतन प्रत्येक प्रांताचे वेगळे असते आणि दर वर्षी बदलते. २०२४ साली ठरलेला दर टोकियोत तासाला १,१६३ येन होता, तर अकिता प्रांतात ९५१ येन. २०२५ साली ठरलेले सगळ्याच प्रांतांचे दर एक हजार येनच्या वर गेले, तरी शहर आणि खेडे यांतला फरक राहिलाच.

कारकुनाला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ती इथे मांडतो. २०२४ च्या दराने महिन्याला १६० तास काम धरले तर टोकियोत १,८६,०८० येन होतात आणि अकितात १,५२,१६० येन. फरक ३३,९२० येनांचा. वरवर पाहता टोकियो जिंकले. पण टोकियोत एका लहान खोलीला साठ-सत्तर हजार येन भाडे सहज पडते, आणि लांबच्या प्रांतात त्याच्या निम्म्याच्या आसपास खोली मिळते. म्हणजे वरचा सगळा फरक घरमालकाच्या खिशात गेला. शिवाय तिथे घर घेताना अनामत द्यावी लागते, पुष्कळ ठिकाणी परत न मिळणारी भेटरक्कम द्यावी लागते आणि जामीनदार लागतो. परदेशी माणसाला घर द्यायला का-कू करणारे मालक तिथेही आहेत. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव लपवण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

मग लहान गावच चांगले, असेही लगेच म्हणू नका. लहान गावात रेल्वे तासा-दोन तासांनी एखादी असते आणि बस संध्याकाळीच बंद होते. रात्रपाळी असेल तर गाडीवाचून चालत नाही. गाडी म्हटली की विमा आला, पेट्रोल आले. आपला भारतीय परवानाही तिथे परीक्षा दिल्याशिवाय बदलून मिळत नाही. उत्तरेकडच्या प्रांतांत हिवाळाभर बर्फ असतो आणि घर गरम ठेवायला रॉकेल नाहीतर वीज जाळावी लागते. हा सगळा खर्च भाड्यात वाचलेल्या पैशातूनच जातो.

तेव्हा पहिला प्रश्न शहराच्या नावाचा नाही, तो राहण्याच्या जागेचा आहे. कंपनी खोली देते का? दिली तर पगारातून किती कापते? कामाची जागा खोलीपासून सायकलने जाण्याइतकी जवळ आहे का? टोकियोत कंपनीची स्वस्त खोली मिळत असेल तर टोकियो फायद्याचे. लहान गावात खोली, सायकल आणि जवळ बाजार असेल तर ते फायद्याचे. ही तीन उत्तरे लेखी घेतल्याशिवाय करारावर सही करू नये. या परवान्यावर आलेल्या कामगाराला घर शोधायला आणि बँकेत खाते उघडायला मदत करणे हे मालकाचे किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचे कर्तव्य आहे. ते मागायला संकोच नको.

जर्मनीचा हिशेब याच्या उलट आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे त्या देशाचे नाव जास्त ऐकू येते. तिथे किमान वेतन सगळ्या देशाला एकच. वृद्धांच्या शुश्रूषेच्या क्षेत्रात पूर्ण प्रशिक्षित नर्सला जुलै २०२५ पासून तासाला किमान २०.५० युरो ठरले होते. म्युनिच शहरात तेच आणि डोंगरातल्या लहान गावातही तेच. भाडे मात्र म्युनिचचे डोळे पांढरे करणारे. म्हणून जर्मनीत किमान दराने काम करणाऱ्याची शिल्लक लहान गावातच जास्त राहते. शिवाय २०२३ पासून तिथे एक मासिक पास निघाला आहे. त्यावर देशभरातल्या साध्या लोकल गाड्या आणि बस चालतात. सुट्टीच्या दिवशी मोठे शहर बघायचे तर अडचण नाही.

आता पैशापलीकडचे बोलू. जपानच्या या परवान्यावर पहिल्या टप्प्यात सहसा पाच वर्षांपर्यंतच राहता येते आणि नवरा, बायको, मुले यांना सोबत नेता येत नाही. ज्या घरातून आई किंवा बाप जातो, त्या घराने हे नीट समजून घ्यावे. यातून बाहेर पडण्याची एक वाट आहे. शुश्रूषेचे काम तीन वर्षे केल्यावर आणि ठरलेले प्रशिक्षण घेतल्यावर काळजीवाहकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. ती पास झाल्यावर वेगळा परवाना मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि कुटुंबही नेता येते. ही परीक्षा जपानी भाषेत असते, आणि खरी मेख तिथेच आहे.

भाषा कुठे लवकर येते? टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे डाळ, मसाले मिळतात आणि हिंदी बोलायला माणूस मिळतो. जिवाला बरे वाटते, पण जीभ जपानी वळणावर येत नाही. लहान गावात मात्र दुकानदाराशी जपानी बोलावे लागते, शेजारणीशी बोलावे लागते आणि ज्या आजीला जेवू घालायचे तिच्याशीही जपानीच बोलावे लागते. अकिता प्रांतात शंभरातली जवळपास ३९ माणसे पासष्टी ओलांडलेली आहेत. त्यांची बोली पुस्तकी जपानीपेक्षा वेगळी, हा त्रास आहेच. पण दोन वर्षे ती ऐकली की शहरातली भाषा सोपी वाटते. गावातल्या भाषेतून परीक्षा आणि परीक्षेतून कुटुंबाची भेट, असा हा रस्ता आहे.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिला, तो मांडतो. आपल्या देशातले खेडे आपल्याला छळते ते खेडे लहान आहे म्हणून नव्हे. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाची जात माहीत असते म्हणून. परदेशातल्या लहान गावात तुमचे आडनाव ऐकून कोणालाच काही कळत नाही. उलट जिथे आपल्या देशाची माणसे जास्त, तिथे "गाव कोणतं? पूर्ण नाव काय?" हे प्रश्न विमानातून उतरून आलेलेच असतात. ही आमची कल्पना नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा नियम करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, ते तिथल्या गव्हर्नरने परत पाठवले ही गोष्ट वेगळी. शहरे मोठी, पगार मोठे, पण जात बॅगेतून गेलीच. म्हणजे शहर म्हणजे सुटका हे आपले जुने गणित परदेशात जसेच्या तसे लागू होत नाही.

जपानमध्ये भेदभाव नाही असेही कोणी समजू नये. तिथेही बुराकू नावाचा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत होता. त्या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योटो शहरात सुईहेइशा ही समतेची संघटना उभी केली, म्हणजे आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. त्यांच्या वस्त्यांच्या नावांची गुप्त यादी काही कंपन्या माणसे नेमताना विकत घेत असत, हे १९७५ साली उघडकीस आले. पत्त्यावरून माणूस ओळखण्याची रीत आपल्यापुरतीच नाही. जपानला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हा इतिहास वाचून जावे. तिथे आपले दुःख समजणारी माणसे आहेत, हे त्यांना कळेल.

एकटेपणाचे काय, हे माता-भगिनी विचारतील. लहान गावात आजारी पडले तर कोण येणार? मालक वाईट निघाला तर कोणाला सांगायचे? हा धोका खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. विहाराची ओढही असते. जपानमध्ये बौद्ध मंदिरे गावोगावी आहेत, पण तिथला धम्म वेगळ्या वळणाचा आहे. पुष्कळ भिक्खू गृहस्थ असतात आणि लोक बहुतेक अंत्यविधीसाठी मंदिरात जातात. आपल्यासारखी रविवारची वंदना आणि प्रवचन मिळेलच असे नाही. तरी कोयासान नावाच्या डोंगरावरल्या लहानशा गावातल्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला, हेही लक्षात ठेवावे. बाबासाहेब तिथे टोकियोच्या आधी डोंगरातल्या गावात भेटले, तर आश्चर्य वाटू नये.

बाबासाहेब स्वतः १९१३ साली न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ साली लंडनला, ती जगातली सर्वांत मोठी शहरे होती, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. ते शिकायला गेले होते, आणि ग्रंथालये जिथे होती तिथे गेले. त्यांनी शहराची झगमग निवडली नाही, आपले काम जिथे होणार ती जागा निवडली. विद्यार्थ्याने विद्यापीठ पाहावे. कामगाराने शिल्लक, भाषा आणि सुरक्षितता पाहावी.

आमचे मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षे मधल्या गावात काढावीत. मधले म्हणजे जिथे चालत जाण्याजोगे स्टेशन आहे, दवाखाना आहे आणि तासा-दोन तासांत मोठे शहर गाठता येते. भाषा आली, गाठीला पैसा जमला की मग शहराचा विचार करावा. जपानच्या या परवान्यात त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. टेक्निकल इंटर्न म्हणून गेलेल्याला मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणून आपला परवाना कोणता, हे एजंटाच्या तोंडी शब्दावर न ठेवता कागदावर पाहावे. एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही तेही तपासावे. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये. पेन्शनपोटी कापलेल्या रकमेचा काही भाग जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर परत मिळू शकतो. ते कागद जपून ठेवावेत.

शेवटचे घरच्यांसाठी. मुलगी दर महिन्याला पैसे पाठवते म्हणून तिच्या पगारावर भावाचे लग्न, घराचा स्लॅब आणि चुलत्याचे कर्ज असे ओझे चढवू नका. कर्ज फिटले की तिच्या नावावर वेगळे खाते ठेवा आणि त्याला हात लावू नका. मोठ्या शहरात गेली म्हणून मिरवू नका आणि लहान गावात गेली म्हणून खंतावू नका. ती मोकळ्या मानेने जगते का, चार पैसे बाजूला टाकते का आणि नवे काही शिकते का, एवढेच फोनवर विचारा. तिन्हींना ती "हो" म्हणाली, तर जागा बरोबर निवडली असे समजा.

भवतु सब्ब मंगलं.