हसण्याला एवढे का भ्यावे?

नेरे येथील आमच्या युवकांनी नाताळच्या कार्यक्रमासाठी गिटार-ड्रमच्या साथीवर एक विनोदी गीत बसवले आहे. मिस्सेला उशिरा येणारे, शेवटच्या आशीर्वादाआधीच दार गाठणारे आणि लांबलचक प्रवचन देणारे धर्मगुरू, असे तिघेही त्यात आहेत. हे गीत वगळावे, असा काही ज्येष्ठांचा आग्रह आहे. "रॉक संगीत, आणि त्यात थट्टा! ही का ख्रिस्ती संस्कृती?" हा प्रश्न इतरत्रही विचारला जातो, म्हणून त्याला जाहीर उत्तर देणे अगत्याचे वाटते.

आपल्या शेजारच्या गोव्यातील रेमो फर्नांडिस यांची वाटचाल पाहावी. मुंबईत वास्तुशास्त्र शिकलेल्या शिवोलीच्या या कलावंताने १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत घरीच मुद्रित केली. वाद्ये स्वतःच वाजवली आणि पिवळ्या स्कूटरवरून फिरून ती विकलीही. त्या गाण्यांत गोव्याची गंमत होती, तसा चिमटाही होता. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मधून त्यांनी तरुणांना गर्दच्या विळख्यापासून सावध केले. त्याच सुमारास पंतप्रधान राजीव गांधींच्या समोर, सरकारी समारंभात, त्यांनी गोव्याची दुखणी गाऊन दाखवली. वृत्तपत्रातून टीकेची झोड उठली. राजीव गांधींनी मात्र पत्राने कळवले की, कार्यक्रम आपणांस आवडला. त्यात आक्षेपार्ह काही वाटले नाही. २००७ साली याच गायकाला पद्मश्री मिळाली. देशाचा पंतप्रधान जे ऐकून घेतो, ते आपण ऐकून घेऊ नये काय?

शास्त्राधार हवा असेल तर तोही आहे. अब्राहाम व सारा यांच्या पुत्राच्या, इसहाकाच्या, नावातच हसू आहे. भावाच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ ही प्रतिमा प्रभूचीच. ती ऐकताना गालिलातील श्रोते गंभीर चेहऱ्याने बसले असतील, असे मला तरी वाटत नाही. आपल्या महाराष्ट्रात एकनाथांनीही भारुडांतून लोकांना हसवत हसवतच अंतर्मुख केले.

अर्थात प्रत्येक थट्टा निर्मळ नसते. दुबळ्याची, व्यंगाची, गरिबीची टवाळी हे पापच होय. कुष्ठरुग्णांना आसरा देणारे शांतिवन ज्या नेऱ्यात उभे आहे, तेथे हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. विनोदाची कसोटी एवढीच: तो कोणावर आहे? बलवानावर आणि स्वतःवर असेल, तर तो आत्मपरीक्षणाचा सोबती ठरतो.

आमची मुले प्रार्थनालयाच्या अंगणात आपल्यालाच हसत आहेत, याचा अर्थ ती अजून या घराला आपले मानतात. ज्या दिवशी ती हसणे थांबवतील, त्या दिवशी ती येणेही थांबवतील. तेव्हा गीत होणार. प्रवचनावरचे कडवे त्यांनी माझ्या भिडेखातर गाळले होते. ते परत घालण्यास मी सांगितले आहे.