घरामागच्या चिंचेचं कलम

सरदारपूरच्या आमच्या घरामागची चिंच आतून पोखरली आहे. पुढचा पावसाळा काढेल असं वाटत नाही. बुटुकं मोठी, गराची, वर्षभराच्या आमटीला पुरणारी. भाचा म्हणाला, "मावशी, चिंचोके पेर की!" पण चिंचोक्यातून तश्शीच चिंच येईल याचा भरवसा नाही, शिवाय फळाला आठ-दहा वर्षं. कलमाला त्याच्या निम्म्या वेळात बुटुकं धरतात. हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राची 'प्रतिष्ठान' जातही कलमानेच वाढवतात.

म्हणून चिंचोक्याची रोपं पिशव्यांत वाढवली. खुंट पेन्सिलीएवढा झाला की शेंडा कापून मधोमध चीर द्यायची. तेवढ्याच जाडीची जुन्या झाडाची काडी पाचरेसारखी तासून आत बसवायची, साली जुळवायच्या, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. काडीची पानं आठवडाभर आधीच खुडा, म्हणजे डोळे फुगतात. खुंटाला खालून फूट आली तर लगेच काढा; माया नको. (मांडूची ती गलेलठ्ठ 'इमली' म्हणजे गोरखचिंच. तिचं कुळच वेगळं, तिच्यावर हे कलम बसणार नाही.)

बारांतली पाच जगली. एक देवासच्या ताईकडे, एक इंदूरला गेलं. ज्यांच्याकडे मोकळं अंगण आहे त्यांनी कळवा. झाड उभं आहे तोवर काड्या देते.