झाड हलवले, त्याच्या मुळांवरच्या बुरशीचे काय?

कोलकात्यातील जोका–एस्प्लनेड मेट्रोचा मार्ग खिदिरपूरला जमिनीखाली शिरतो आणि मैदानाच्या दिशेने पुढे जातो. या कामात मैदानावरील सुमारे ७०० झाडांवर संक्रांत येईल, असा आक्षेप घेऊन याचिका दाखल झाली. जून २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती फेटाळली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीला तूर्त स्थगिती दिली. अशा प्रत्येक वादात प्रकल्पाच्या बाजूने एक शब्द ढालीसारखा पुढे केला जातो: पुनर्रोपण. झाड तोडायचे नाही, उचलून दुसरीकडे लावायचे, म्हणजे हानी शून्य! हा हिशेब वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

जमिनीवरील बहुसंख्य वनस्पती मुळांतील बुरशीशी सहजीवनाने जगतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये या संबंधाला 'मायकोरायझा' हे नाव दिले. त्याचे जीवाश्मरूप पुरावे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. स्फुरद मातीत अत्यंत मंद गतीने पसरतो. मूळ आपल्या भोवतीचा स्फुरद शोषून घेते आणि त्याच्याभोवती काही मिलिमीटरांचा रिता पट्टा उरतो. केसाहूनही कितीतरी बारीक कवकतंतू हा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर दूरवरचा स्फुरद आणून देतात. मोबदल्यात झाड त्यांना प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेली शर्करा आणि मेद पुरवते.

हा व्यवहार चालतो तो बारीक पोषक मुळांत. मोठ्या झाडाची अशी बरीचशी मुळे मातीच्या वरच्या थरात, खोडापासून दूरवर पसरलेली असतात. पुनर्रोपणात खोडाभोवतीचा मातीचा गोळा तेवढा उचलला जातो. बाकीची मुळे आणि त्यांना जोडलेले तंतुजाल खड्ड्याच्या कडेलाच तुटते. कागदावर मात्र 'एक झाड वाचले' अशी नोंद होते.

बुरशीवाचून झाडाची काय गत होते, याचा धडा प्वेर्तो रिकोने दिला आहे. तेथे पाइनची लागवड वर्षानुवर्षे फसत राहिली. १९५० च्या दशकात पाइनच्या वनातील माती आणून मुळांशी घातल्यावर रोपे तरारली. मैदानावरील वडा-पिंपळांची बुरशी वेगळ्या गटातली आणि यजमानाबाबत कमी चोखंदळ आहे, त्यामुळे नव्या जागीही तिचे बीजाणू सापडू शकतील, असा प्रतिवाद होईल. तो रास्त आहे. परंतु नवी जागा रोलरखाली दबलेली, राडारोडा मिसळलेली असेल, तर तेथे मुळे आणि तंतू दोघांचीही वाढ खुंटते. बाजारातील मायकोरायझाची पुडी अशा मातीला सुपीक करत नाही.

दुसऱ्या बाजूच्या भावुकतेचाही समाचार घ्यायला हवा. झाडे बुरशीच्या जाळ्यातून परस्परांशी बोलतात, माता आपल्या रोपांना पोसते, अशा कथा समाजमाध्यमांवर फिरतात. २०२३ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मधील एका समीक्षेने यांतील अनेक दाव्यांना प्रत्यक्ष वनांतला पुरावा तोकडा असल्याचे दाखवले. झाडांच्या रक्षणासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. ती पकडली गेली की खरा युक्तिवादही बुडतो.

मुंबईकरांना हे नवे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत २,१४१ झाडे तोडली गेली. मेट्रोसाठी हलवलेल्यांपैकीही अनेक झाडे पुढे मेली. म्हणून मागणी मोजता येण्याजोगी असावी. झाड हलवण्यापूर्वी आणि नंतर मुळांतील बुरशीचे प्रमाण तपासावे, नव्या जागेच्या मातीची घनता जाहीर करावी आणि प्रत्येक झाडाची किमान पाच वर्षांची स्थिती लोकांसमोर ठेवावी. मुळांचे रंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी मोजणे पदव्युत्तर प्रयोगशाळेतही जमते. भुयारासाठी जमिनीचा थरन् थर तपासणाऱ्या यंत्रणेला वरच्या हातभर मातीची तपासणी अवघड वाटू नये. ती होईपर्यंत 'पुनर्रोपित' झाडे 'वाचलेल्या' झाडांच्या रकान्यात लिहू नयेत.