मुलांचे हित आणि अनवाणी गेन

शासकीय भाषेत काही शब्द असे असतात की, ते एकदा कागदावर उमटले म्हणजे पुढे कोणी प्रश्न विचारीत नाही. ‘जनहितार्थ’ हा त्यांतला एक. ‘मुलांच्या हितासाठी’ हा दुसरा, आणि अधिक घातक. प्रस्तुत लेखकाची तीन तपे राज्य शासनाच्या सेवेत गेली. या शब्दांच्या आड काय काय लपविता येते, हे त्याने पुरेसे पाहिले आहे. म्हणूनच २०२३ साली हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक शाळेच्या शांतता-शिक्षणाच्या पुस्तिकेतून एक चित्रकथा वगळली, तेव्हा त्यामागची कारणे वाचताना भाषा जपानची असली तरी सूर ओळखीचा वाटला.

वगळलेली चित्रकथा म्हणजे केइजी नाकाझावा यांची ‘हादाशी नो गेन’, अर्थात ‘अनवाणी गेन’. ज्या शहरावर पहिला अणुबाँब पडला, त्याच शहराने त्या बाँबची सर्वांत प्रसिद्ध चित्रकथा आपल्या मुलांच्या हातून काढून घेतली. हा निर्णय चुकीचा होता, त्यासाठी दिलेली कारणे पोकळ होती, आणि त्याचे समर्थन करणारे मुलांपेक्षा स्वतःचीच अधिक काळजी वाहत होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या जुन्या घरांतून चित्रकथेकडे पाहण्याची एक ठरलेली दृष्टी आहे. सुटीत मुलांनी चाळावे आणि शाळा सुरू झाली की माळ्यावर टाकावे, असे ते वाङ्मय! जपानमध्ये तिला ‘मांगा’ म्हणतात आणि तेथे ती आबालवृद्ध वाचतात, एवढे ऐकूनही आपली भुवई खाली येत नाही. म्हणून आधी या माणसाचे आयुष्य सांगणे भाग आहे. ते कळल्यावर त्याने कोणते माध्यम निवडले, हा प्रश्न गौण ठरतो.

नाकाझावा यांचा जन्म १९३९ च्या मार्चमध्ये हिरोशिमात झाला. वडील चित्रकार होते, नाटकमंडळींत वावरणारे होते आणि युद्धाच्या विरोधात उघड बोलणारे होते. त्या काळच्या जपानमध्ये असे बोलण्याची किंमत ठरलेली होती. विचारांवर पाळत ठेवणाऱ्या विशेष पोलिसांनी त्यांना पकडले आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात ठेवले. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी पहिलीत शिकणारा केइजी शाळेच्या फाटकापाशी पोचला होता. बाँबच्या केंद्रापासून ते ठिकाण जेमतेम सव्वा किलोमीटर. एका बाईने काहीतरी विचारले म्हणून तो थांबला. काँक्रीटच्या भिंतीच्या आडोशाला असल्यामुळे तो वाचला आणि ती बाई मेली. घरी वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकले आणि आगीत गेले. आई गरोदर होती. त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला ती प्रसूत झाली. ती मुलगीही काही महिन्यांतच दगावली.

पुढे दारिद्र्य आणि उपासमार. ओसामू तेझुका यांची एक चित्रकथा हाती आली आणि मुलाने ठरविले की आपणही हेच करायचे. माध्यमिक शाळा संपल्यावर तो पाट्या रंगवू लागला आणि १९६१ मध्ये टोकियोला गेला. तेथे त्याला निराळाच अनुभव आला. हिरोशिमाचा, बाँबमधून वाचलेला, असे सांगितले की लोक दूर सरकत; किरणोत्सर्ग जणू स्पर्शाने लागतो, अशी भीती. तेव्हा त्याने तो विषयच बंद केला. साध्या, खपणाऱ्या कथा तो काढीत राहिला.

१९६६ मध्ये आई वारली. जपानी रिवाजाप्रमाणे दहनानंतर नातलग अस्थी वेचतात. नाकाझावा सांगत की, आईच्या दहनानंतर वेचण्यासारखे हाडच उरले नव्हते, होती ती पांढरी राख. बाँबने माझ्या आईची हाडेसुद्धा ठेवली नाहीत, या संतापातून त्यांनी पहिली अणुबाँबकथा लिहिली. मोठ्या प्रकाशनांनी ती नाकारली आणि अखेर १९६८ मध्ये ती प्रौढांच्या एका नियतकालिकात आली. १९७२ मध्ये ‘ओरे वा मिता’, म्हणजे ‘मी पाहिले’, ही आत्मकथा आली. १९७३ मध्ये दहा लाखांहून अधिक खपाच्या ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात ‘अनवाणी गेन’ सुरू झाली. साप्ताहिकातून ती थांबल्यावर अन्य नियतकालिकांतून चालत राहिली आणि १९८७ पर्यंत तिचे दहा खंड पुरे झाले. टोकियोतील स्वयंसेवकांनी १९७६ पासूनच तिचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले होते. पुढे ती कितीतरी भाषांत गेली. दृष्टी अधू झाल्यामुळे २००९ मध्ये त्यांनी लेखणी ठेवली आणि १९ डिसेंबर २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

कथेतला गेन हा बहुतांशी नाकाझावाच. एक फरक मात्र ध्यानी घेण्याजोगा आहे. वडील आणि भावंडे जळत असताना प्रत्यक्षात केइजी तेथे नव्हता. ती हकीकत त्याने आईच्या तोंडून ऐकली. कथेत त्याने गेनला तेथे उभे केले आहे. आईने जे एकटीने सोसले, त्याला एक साक्षीदार मिळावा म्हणून लेखकाने सहा वर्षांच्या स्वतःलाच पुन्हा त्या आगीसमोर नेले. ज्यांना चित्रकथा हा पोरखेळ वाटतो, त्यांनी एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा.

आता मंडळाची कारणे पाहू. तिसरीच्या पुस्तिकेत या कथेतील काही प्रसंग घेतले होते. एका प्रसंगात गेन आणि त्याचा धाकटा भाऊ रस्त्यात उभे राहून ‘रोक्योकु’ गातात आणि पैसे मिळवितात. रोक्योकु म्हणजे वाद्याच्या साथीने गाऊन सांगितलेली कथा, आपल्या पोवाड्याच्या जवळपासची. हा प्रकार आजच्या मुलांच्या जीवनाशी जुळत नाही, असे मंडळाचे म्हणणे. दुसऱ्या प्रसंगात गेन गरोदर आणि कृश झालेल्या आईसाठी कोणा धनिकाच्या तळ्यातला मासा चोरू पाहतो. त्यामुळे मुलांचा गैरसमज होईल, असे दुसरे म्हणणे.

आठ-नऊ वर्षांच्या जपानी मुलाला रोक्योकु माहीत नसेल, हे खरे. पण त्याला अणुबाँब तरी कोठे माहीत आहे? अपरिचित ते परिचित करून देणे याच कामासाठी शिक्षकाला वेतन मिळते. मुलाला आधीच ठाऊक असलेलेच शिकवायचे, तर शाळेची इमारत कशाला बांधायची? आणि मासा! युद्धात पोट भरत नाही, आई खंगत जाते आणि सभ्य घरातला मुलगा चोरीला प्रवृत्त होतो, हाच तर त्या पानावरचा धडा आहे. युद्ध माणसाकडून काय करविते हे सांगायचे आणि वर नायक मात्र सद्वर्तनाच्या तक्त्यातला हवा, हा हट्ट केवळ कार्यालयातच सुचू शकतो. त्याच फेरबदलात माध्यमिक वर्गांच्या साहित्यातून ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेचा उल्लेखही गेला. १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकी चाचणीची किरणोत्सर्गी राख या नौकेवरील खलाशांच्या अंगावर पडली होती. त्यात तर कोणी मासा चोरला नव्हता.

याआधीची एक हकीकत प्रशासनाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. २०१२ मध्ये मात्सुए शहरात एका व्यक्तीने नगरसभेकडे अर्ज केला की, हे पुस्तक जपानी सैन्याविषयी खोटे सांगते, सबब ते शाळांतून काढावे. नगरसभेने तो अर्ज एकमताने फेटाळला. येथे प्रकरण संपायला हवे होते. पण शिक्षण मंडळाच्या सचिवालयाने त्याच डिसेंबरात मुख्याध्यापकांना ‘विनंती’ केली की, पुस्तक बंद कपाटात ठेवावे आणि मुलांना मुक्तपणे देऊ नये. या वेळी कारण बदलले होते. आता हिंसा फार आहे, असे सांगण्यात आले. मंडळाच्या सदस्यांना विचारलेही नव्हते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून फुटली, देशभर गदारोळ झाला आणि मंडळाने कार्यपद्धतीतील दोषाचे कारण देऊन ती सूचना मागे घेतली. दरम्यान पुस्तकाचा खप वाढला, हा भाग वेगळा.

ज्यांनी नस्ती हाताळल्या आहेत, त्यांना यातली मेख तत्काळ कळेल. बंदी घालायची तर आदेश काढावा लागतो. आदेशाला कारणे द्यावी लागतात, सक्षम प्राधिकाऱ्याची सही लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. ‘विनंती’ला यातले काहीच लागत नाही. वरिष्ठाची विनंती कनिष्ठाने नाकारायची नसते, हे दोघांनाही माहीत असते. पुस्तक जाळले तर धूर दिसतो; कुलूपबंद केले तर फक्त एक किल्ली हरवते. तेव्हा सुज्ञ वाचकांनी एक कसोटी लक्षात ठेवावी. पुस्तकावरचा आक्षेप तोच राहून कारणे बदलत गेली, तर खरे कारण सांगितलेले नाही असे खुशाल समजावे.

मग खरे कारण कोणते? नाकाझावा यांनी केवळ बाँब टाकणाऱ्यांना दोष दिला असता, तर हे पुस्तक जपानमध्ये कोणाला टोचले नसते. त्यांनी त्यांना दोष दिलाच. पण त्याचबरोबर युद्ध लादणारे सेनाधिकारी, युद्धाचे ढोल पिटणारे शेजारी, गेनच्या वडिलांना देशद्रोही ठरविणारा वस्तीप्रमुख, आशियातील देशांत जपानी सैन्याने केलेले अत्याचार आणि खुद्द सम्राटाची जबाबदारी, यांतले काहीही त्यांनी सोडले नाही. आपल्या दुःखाचे स्मारक सर्वांना हवे असते. आपल्या दोषाचा पाढा कोणालाच नको असतो. नाकाझावा यांनी दोन्ही एकाच पुस्तकात बांधले, म्हणून पुस्तक अवघड झाले.

प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. या चित्रांत कातडी लोंबणारी माणसे आहेत, शिरच्छेद आहे, स्त्रियांवरील अत्याचार आहेत. शेवटचे खंड मुलांच्या साप्ताहिकात आलेले नसून डाव्या विचारांच्या मासिकांतून आणि शिक्षक संघटनेच्या मुखपत्रातून आलेले आहेत. त्यांत राजकीय सूर चढा आहे आणि काही तपशिलांविषयी वाद आहेत. कोणत्या वयाच्या मुलाने कोणता खंड वाचावा, हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर त्या मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाने आणि पालकाने द्यावे. हिरोशिमाच्या पुस्तिकेत तर ही भीषण पाने नव्हतीच. मंडळाला खटकली ती दोन गाणारी मुले आणि एक मासा. पुस्तिकेत पुढे एका वाचलेल्या व्यक्तीच्या आयुष्याची हकीकत घातली गेली. तिचा मान राखूनही विचारावेसे वाटते की, एका साक्षीदाराला जागा देण्यासाठी दुसऱ्याला उठविणे आवश्यक होते काय? 

हा रोग केवळ जपानचा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या एका शाळा मंडळाने ज्यूंच्या संहारावरची ‘माउस’ ही आर्ट स्पीगलमन यांची चित्रकथा अभ्यासक्रमातून काढली. तेथील कारणे होती काही अपशब्द आणि एक विवस्त्र चित्र. लाखो माणसे विषारी वायूने मारली गेली, त्या कथेत मंडळाला खटकले ते अपशब्द! विशेष म्हणजे ‘अनवाणी गेन’च्या इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना याच स्पीगलमन यांची आहे. आणि हिरोशिमाने पुस्तक वगळल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २०२४ मध्ये, अमेरिकेच्या आयस्नर पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या दालनात नाकाझावा यांचे नाव घेतले गेले. बाँब टाकणाऱ्या देशाने त्यांना दालन दिले आणि बाँब झेललेल्या शहराने पुस्तिकेतली जागा काढून घेतली. यावर अधिक भाष्य नको.

ऑगस्टच्या आरंभी अधिवेशन चालू असले तर आपल्या संसदेतही हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांसाठी मौन पाळण्याची प्रथा आहे. ती चांगलीच आहे. पण मौन सोपे असते. ज्याने पाहिले त्याला बोलू देणे आणि ते मुलांना ऐकू देणे, हे कठीण. २०२४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार ‘निहोन हिदान्क्यो’ या अणुबाँबग्रस्तांच्या संघटनेला मिळाला. मार्च २०२५ अखेर जपानमधील नोंदणीकृत अणुबाँबग्रस्तांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे गेले. आणखी काही वर्षांनी वर्गात येऊन ‘मी पाहिले’ असे म्हणणारे कोणी उरणार नाही. मग उरतील त्या इमारती, आकडे आणि पुस्तके. अशा वेळी पुस्तकांना कुलूप लावणारा साक्षीदारालाच दुसऱ्यांदा मारीत असतो.

कथेत गेनचे वडील मुलांना गव्हाचे उदाहरण देतात. जपानात कडक थंडीत गव्हाचे कोवळे रोप शेतकरी मुद्दाम पायाने तुडवितो. त्याने मुळे घट्ट होतात आणि पुढे रोप ताठ उभे राहते. मुलांना दुःखाच्या कथेपासून दूर ठेवणारे स्वतःला त्यांचे राखणदार समजतात. ज्या रोपाला थंडीची झुळूकही लागू दिली नाही, ते पहिल्याच वादळात आडवे होते, हे शेतकऱ्याला कळते. शिक्षण मंडळालाही कळायला हरकत नाही. पुस्तक उघड्या फळीवर ठेवा. मूल वाचू लागले की शेजारी बसा, आणि ते जे प्रश्न विचारील त्यांची खरी उत्तरे द्या. मुलांचे हित याहून वेगळे नसते.