कुत्र्याचे ताट आणि घरचे ताट

पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मावसबहिणीला उजव्या कुशीत सारखे जड वाटू लागले, म्हणून आम्ही तिला गावाहून बेळगावी तपासणीसाठी आणले. सोनोग्राफीत यकृतामध्ये मोसंबीएवढी गाठ दिसली. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नको तो शब्द कोणी उच्चारीत नव्हते, पण मनात प्रत्येकाच्या तोच होता. सर्जनसाहेबांनी ती फिल्म पुन्हा एकदा उजेडासमोर धरली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न विचारला, "बाई, तुमच्याकडे कुत्रा आहे का हो?"

कुत्रा होता. मळ्यातल्या त्या घरी एकामागून एक तीन-चार तरी कुत्री होऊन गेली होती आणि सगळ्यांचे नाव मोत्याच असे. दर रविवारी खाटकाकडून घरासाठी मटण येई आणि त्याच पिशवीत मोत्यासाठी म्हणून वजडीचे, फुप्फुसाचे, काळजाचे टाकाऊ तुकडे फुकट मिळत. पिशवी ओसरीवर टेकण्याआधीच ते तुकडे तसेच कच्चे मोत्यापुढे पडत. मुक्या जीवाचाही रविवार साजरा झाला, म्हणून आम्हांला कोण समाधान वाटे!

बहिणीची गाठ कर्करोगाची नव्हती. ती पाण्याने भरलेली गाठ होती. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक महिने गोळ्या चालल्या आणि ती खडखडीत बरी झाली. परंतु ज्या मोत्याला तिने पोटच्या पोरासारखे वाढविले, त्याच्याच अंगाखांद्यावरून हे दुखणे आपल्याकडे आले असावे, हे तिला कितीतरी दिवस खरे वाटेना.

ही जुनी आठवण आज काढण्याचे कारण आमच्या घरातच घडले. थोरल्याचा मुलगा शिक्षण पुरे करून पुण्याहून परतला, तो मुधोळ जातीचे एक पिल्लू बगलेत घेऊनच. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ही जात आपल्याला परकी नाही. चिंचोळे तोंड, लांबसडक पाय आणि आत ओढलेले पोट. नाव ठेवले वीर. धाकट्याची चार वर्षांची मुलगी तर त्याच्या गळ्यातून हात काढीना. पहिल्याच संध्याकाळी मी वाडग्यात दूधभाकरी कुस्करीत बसले होते, तेवढ्यात नातवाने हात धरला. "आजी, हे नको. हा लांडग्याचा वंशज आहे. याला मी फक्त कच्चं मांस आणि कच्ची हाडं देणार."

आजकालच्या मुलांचे खूळ म्हणून मी ते उडवून लावणार होते. पण न्यायाने पाहावयाचे तर त्याच्या बोलण्याला आधार होता. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ साली एक पुस्तक लिहिले आणि कुत्र्याला कारखान्यातले खाद्य देण्यापेक्षा कच्चे मांसल हाड द्यावे, असा पुरस्कार केला. तेव्हापासून देशोदेशी हा पंथ वाढला आहे. कच्चे हाड चघळल्याने दातांवरचे किटण निघते, हेही खरेच आहे. तेव्हा नातवाला गप्प बसविण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून हा विषय मुळापासून पाहावा, असे मी ठरविले. त्यासाठी ओळखीच्या पशुवैद्यांकडे दोन-चार खेपाही घातल्या. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्यांच्या घरी मांसाहार नाही, त्यांनीही हे वाचावे. कुत्र्यासाठी म्हणून बाहेरून मांस आणणारी शाकाहारी घरे मला ठाऊक आहेत, आणि कच्च्या मांसाशी हाताची ओळख नसल्याने त्यांच्याकडूनच अधिक चुका होतात.

पहिली गोष्ट लांडग्याची. कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा, पण माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे काढल्यावर त्याचे पोटही बदलले आहे. पिठूळ अन्न पचविणाऱ्या पाचकरसाचे जे एक जनुक असते, त्याच्या लांडग्यात दोन प्रती सापडतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी दारच्या कुत्र्याला घातलेला भाकरतुकडा काही अगदीच अडाणीपणाचा नव्हता. मुधोळकडच्या खेड्यांतून ही शिकारी कुत्री भाकरी आणि दुधावरच वाढत आली आहेत.

दुसरी गोष्ट वाढत्या पिल्लाची. नुसते मांस म्हणजे पूर्ण अन्न, ही समजूत चुकीची आहे. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. पिल्लाला तर कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिकच लागते. ते अन्नातून मिळाले नाही, की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. मग पाय वाकतात, आणि ओट्यावरून साधी उडी मारली तरी हाड मोडते. मांस भरपूर खाणारे, वरून गुबगुबीत दिसणारे पिल्लू आतून असे पोकळ होत असते. काळजाचेही तसेच. थोडे पौष्टिक, पण रोज पोटभर दिले तर त्यातले 'अ' जीवनसत्त्व अंगात साचून अपाय करते.

आता माझ्या बहिणीच्या गाठीकडे वळते, कारण या विषयातली सर्वांत गंभीर बाब तीच आहे. कुत्र्याच्या आतड्यात एका जातीचा टेपवर्म राहतो. त्याची लांबी जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. कुत्राही हसतखेळत असतो. त्याच्या विष्ठेतून या जंताची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. गवताबरोबर ती शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. असे गाठ असलेले काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले, की त्याच्या पोटात पुन्हा जंत तयार होतात आणि चक्र पुरे होते. माणूस या चक्रात मध्येच सापडतो. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी कुरवाळणाऱ्या हातावर येतात, हातावरून तोंडात जातात, आणि मेंढीच्या काळजात जी गाठ व्हावयाची ती माणसाच्या काळजात होते. ती इतकी सावकाश वाढते, की कळून येईपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. मटण खाल्ल्याने हा रोग माणसाला होत नाही. तो कुत्र्याला कच्चे काळीज-फुप्फुस घातल्याने होतो. ज्या घरात कधी मटण शिजले नाही, त्या घरातही होऊ शकतो.

हे चक्र तोडता येते, ही समाधानाची गोष्ट. आइसलँडमध्ये या रोगाने एकेकाळी कहर केला होता. क्रॅबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे जाऊन अभ्यास केला, आणि त्यांची एक छोटी माहितीपुस्तिका १८६४ साली तेथील घराघरांतून वाटण्यात आली. गाठी असलेले अवयव कुत्र्यांना घालू नका, ते जाळा किंवा पुरा, हा त्यातला मुख्य उपदेश. लोकांनी तो मानला, पुढे कायदाही झाला, आणि त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. न्यूझीलंडने १९५९ साली कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यास बंदी केली आणि २००२ साली तो देशही यातून तूर्त मोकळा झाल्याचे जाहीर केले. अवयव निदान ३० मिनिटे उकळल्याखेरीज कुत्र्याला देऊ नयेत, असा नियम तेथे करण्यात आला. मेंढीचे मांस एक तर शिजवावे, नाहीतर उणे १० अंशांवर १० दिवस गोठवावे, असा सल्लाही तेथे दिला जातो.  चूल, पातेले आणि थोडी शिस्त यांचा या कामात मोठा वाटा होता.

मात्र गोठविण्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत. ते नुसते झोपी जातात आणि मांस निवळले की जागे होतात. कच्च्या मांसात, विशेषतः कोंबडीच्या मांसात, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सर्रास आढळतात. मेलबर्न विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कच्च्या कोंबडीचा आणि कुत्र्याचे पाय एकाएकी लुळे पडण्याच्या एका विकाराचा संबंध दिसून आला. पण पुष्कळदा कुत्र्याला काहीच होत नाही. तो ठणठणीत राहतो आणि त्याच्या तोंडातून, विष्ठेतून ते जिवाणू घरभर पसरतात. त्याचे भोक्तृत्व येते ते रांगत्या मुलाकडे, गरोदर सुनेकडे, नाहीतर मधुमेही सासऱ्यांकडे. म्हणूनच अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ पासून कच्चे मांस कुत्र्यामांजरांना देऊ नये, असा सल्ला दिला आहे. त्यातून आपल्याकडचे मांस सकाळी कापलेले, आकड्याला टांगलेले, दुपारच्या उन्हात पिशवीतून घरी येणारे. परदेशातल्या पुस्तकातला कच्च्या मांसाचा नियम बर्फातून आलेल्या मांसासाठी लिहिलेला असतो, हे विसरून चालावयाचे नाही.

राहिली हाडके. येथे मात्र नातवाची बाजू अर्धी बरोबर निघाली. सर्वांत धोक्याचे हाडूक असते ते शिजलेले, आणि नेमके तेच आपण कौतुकाने कुत्र्याला घालतो. शिजल्यावर हाड कोरडे, ठिसूळ होते आणि चावताच त्याच्या सुईसारख्या चिरफळ्या निघतात. आमच्या गल्लीतला एक गुणी कुत्रा यात्रेच्या जेवणानंतर अशाच कोंबडीच्या हाडाने गेला. दोन दिवस त्याने कण्हत काढले. घरच्यांना वाटले, जास्त खाल्ले असेल. तेव्हा ताटातली हाडके कुत्र्यापुढे न टाकता बांधून कचऱ्यात टाकावीत. हा एकच नियम पाळला तरी या लेखाचे सार्थक झाले, असे मी समजेन.

कच्चे हाड त्या मानाने लवचीक असते, पण तेही निर्धोक नव्हे. गुराच्या पायाचे टणक हाड चावताना कुत्र्याची दाढ उभी चिरते. ज्या हाडावर अंगठ्याच्या नखाची खूण उमटत नाही, ते दातांना फार कठीण समजावे. मटणाच्या नळीचे गोल कापलेले तुकडे खालच्या जबड्यात कडे बसावे तसे अडकून बसतात. छोटे तुकडे अखंड गिळले जातात आणि घशात किंवा आतड्यात अडकतात. पांढरी, खडूसारखी कोरडी शी होऊन कुत्रा कुंथू लागला, की हाडाचे प्रमाण जास्त झाले असे ओळखावे. सारखी लाळ गळणे, उमासे, उलट्या, पोटाला हात लावू न देणे किंवा काळपट शी होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती एरंडेल पाजीत बसू नये, मुद्दाम उलटी करवू नये. तडक पशुवैद्यांकडे न्यावे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, आणि वेळ हातची गेली नाही तर जीव वाचतो.

हे सारे ऐकून झाल्यावर आमच्या घरात जो तह झाला, तो असा. वीरचे रोजचे जेवण शिजलेलेच राहील. भाकरी किंवा भात, त्यात मांस किंवा अंडे, थोडी भोपळ्यासारखी भाजी, आणि पशुवैद्यांनी सांगितलेले कॅल्शियम. कांदा-लसूण, मीठ-मसाला नाही. काळीज थोडेसेच आणि ३० मिनिटे उकळून. वजडी-फुप्फुस कच्चे घरात आणावयाचेच नाही. दुधाचे दात पडून पक्के आले, की आठवड्यातून एकदा नातवाच्या हौसेखातर बकऱ्याच्या मानेचे एक मोठे, मांसल, अखंड हाड. तेही १० दिवस कडक गोठवून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून निवळविलेले. ते द्यावयाचे जेवण झाल्यानंतर, म्हणजे अधाशीपणाने गिळणार नाही. मागच्या फरशीवर, डोळ्यांसमोर, पंधरा मिनिटे. मग उरलेले उचलून टाकावयाचे आणि फरशी धुवावयाची. त्याचे वाडगे, सुरी आणि पाट वेगळे. हात साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. जंताचे औषध पशुवैद्यांना विचारूनच, कारण गोल जंतांवरची साधी औषधे टेपवर्मवर चालत नाहीत. आणि शेवटचे कलम नातीसाठी: वीरला कुरवाळल्यावर हात धुवावयाचे, आणि त्याने तोंड चाटू लागावे तर गाल पुढे न करता हात पुढे करावयाचा.

नातू थोडा हिरमुसला, पण पशुवैद्यांनी त्याला सरळच सांगितले की, घरात लहान मूल असताना ते हाडही उकळीच्या मांसाने आणि चावण्याच्या रबरी खेळण्याने भागविले तर त्यांना अधिक बरे वाटेल. त्यावर त्याने नातीकडे पाहिले आणि तो काही बोलला नाही. गोठविलेले हाड अजून फ्रीजमध्येच आहे.

परवा मावसबहीण आली होती. आता तिची सत्तरी उलटली आहे. वीर शेपूट हलवीत तिच्यापाशी गेला. तिने त्याच्या मस्तकावरून मायेने हात फिरविला, उठली, मोरीवर जाऊन साबणाने हात स्वच्छ धुतले आणि पुन्हा त्याच्याजवळ येऊन बसली. "मोत्याचा काय दोष गं?" ती म्हणाली, "त्याला कोणी काय घातलं, ते त्यानं खाल्लं."